पट्टी

किलीबेग्जच्या बंदरामागे, जाळी सांधायच्या जुन्या शेडमध्ये
मी ॲल्युमिनियमच्या नळ्या कापते, भोकं पाडते.
भिंतीवर लांबीप्रमाणे टांगलेल्या लो व्हिसल:
डी, ई फ्लॅट, ई, एफ, जी.
लोक विचारतात, चांगली कुठली?
मी म्हणते, हात दाखवा.

युनन मॅकगिनलीने दाखवला.
उजव्या तर्जनीचं पेर विंचने नेलेलं,
एकोणीस वर्षांपूर्वी, रॉकॉलच्या पलीकडे कुठेतरी.
आधीच सांगून टाकलं त्याने,
जणू मी त्यावरून किंमत वाढवणार होते.
म्हटलं, टोकाचं काम नाही इथे.
बोटं सपाट ठेवायची, मधल्या पेरांनी भोकं झाकायची,
पाइपवाले झाकतात तशी.
गेलेल्या पेराची या वाद्यात चौकशी नाही.

"डी द्या," म्हणाला. "शुक्रवारी पबमध्ये सगळे डीच वाजवतात."
खरं होतं. डी घेतली की जीसुद्धा पदरात पडतो,
इथलं निम्मं संगीत त्या दोन पट्ट्यांत मावतं.
पण नळी ती हातभराहून लांब.
शेवटचं भोक अनामिकेपासून एवढंसं दूर राहिलं
आणि एवढंसं म्हणजे वाद्यात सगळंच.
खालचा सूर आला तो किटलीतल्या वाफेसारखा.
श्वासही पुरेना. दोनदा खोकला, डोळे टिपले,
वाऱ्याला नावं ठेवली.
दार बंद होतं.

एफ दिली. बोटं बसली, सूर लागला,
एक जिग अर्धी धावली, आणि हाच थांबला.
"ही वर आहे."
कशाच्या वर?
उत्तर न देता नळी खिळ्याला अडकवून गेला,
चुकीच्या खिळ्याला.

मंगळवारी आला तो फोन घेऊन.
स्वयंपाकघर. नळ चालू. बशीवर बशी.
त्यामागे नाब्ला, त्याची बायको,
कुणी ऐकत नाही अशा समजुतीत गाणारी.
गळ्यावरची पट्टी निघून वर्ष झालं,
पण पबमध्ये गात नाही ती.
कोट न काढता बसते,
ग्लास संपायच्या आत घरी चल म्हणते.
"आवाज उतरलाय," युनन म्हणाला,
"किती, ते मला मोजता येत नाही."

मी सवयीने पट्टी उचलली, लाकडी, सेंटिमीटरची.
ठेवून दिली.
फोन कानाला लावला,
नळाचं पाणी बाजूला सारलं, बशा सारल्या,
आणि प्रत्येक कडव्याअखेर ओळ जिथे टेकते
तिथे सापडला तिचा सा.
ई. ईच्याही किंचित खाली,
दमून खुर्चीत रेललेलं माणूस असतं तसा.

ई डीपेक्षा तीन बोटं आखूड.
अनामिका पोचली.
"ही घेऊन शुक्रवारी गेलात तर एकटे पडाल," मी सांगितलं,
"कुणाशी जुळणार नाही."
"बेचाळीस वर्षं सहा जणांच्या घोरण्यात झोपलोय," तो म्हणाला.
"जुळवून झालंय."

मग नळी हातात फिरवत:
"आणि आवाज आणखी उतरला तर?"
तोंडाकडचा तुकडा सरकतो, मी दाखवलं. ओढायचा,
नखाएवढा. थोडा आणखी.
"त्याहून खाली गेला तर?"
मी सांधा पुसत राहिले, पुसलेलाच.
"तर या," म्हटलं. "नळी आहे माझ्याकडे."

गिऱ्हाइकाच्या नावापुढे पट्टी लिहायची, अशी माझी वही.
लिहिलं: ई, किंचित खाली.
नंतर बघते तर नाव त्याचं नाही, तिचं पडलेलं.
खोडलं नाही.
नोटांना मॅकरेलचा वास येत होता.